रानगवा आणि तिसरी पिन

घरातल्या मिक्सरचा प्लग कधी निरखून पाहिलाय का? त्याला तीन पिना असतात. दोन सारख्या आणि वरची एक जाड, जरा लांब. सारख्या दोघी वीज आणतात आणि परत नेतात. जाडी काहीच करत नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसासारखी ती नुसती बसून असते, म्हणून लोकांना वाटतं की हिच्यावाचून काही अडत नाही. गावाकडच्या जुन्या बोर्डाला दोनच भोकं असली की आमची मंडळी पक्कड घेतात आणि ती जाडी सरळ मोडून टाकतात. साकोलीत मी जन्मभर साउंड सर्व्हिस चालवली. सापाचं मला भय नाही, वाघाचं थोडंफार आहे, पण मोडक्या पिनेचा प्लग दिसला की आजही मी आधी मेन बंद करायला धावतो.

साउंडवाला म्हटलं की लोकांना 'हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग' आठवतं. ते आमच्या कामातलं सगळ्यात सोपं काम. अवघड काम लोक यायच्या आधी स्टेजमागे होतं. जमिनीत लोखंडी सळई ठोकायची, आजूबाजूला मीठ-कोळसा घालायचा, वरून पाणी ओतायचं आणि त्या सळईची तार स्टेजवरच्या प्रत्येक यंत्राच्या तिसऱ्या पिनेपर्यंत न्यायची. यंत्रात बिघाड होऊन वीज बाहेर सांडली तर ती माणसातून न जाता या वाटेने मातीत जाते. याला आम्ही अर्थ देणं म्हणतो. आता झटका बसताच वीज तोडणारी डबीही मिळते. ती माझ्याकडे आहे, पण जीव डबीच्या भरवशावर टाकावा असं मला कधी वाटलं नाही.

दुसरी एक सवय माझ्या उस्तादांनी लावली. कुठल्याही धातूला पहिला स्पर्श उलट्या हाताने करायचा. झटका बसला की बोटं आपोआप आवळतात. तळहाताने धरलं असेल तर मूठ सुटत नाही, माणूस चिकटतो. उलटा हात असेल तर तो झटकला जातो आणि माणूस शिव्या देत का होईना, जगतो. मी घरचा नळसुद्धा उलट्या हाताने चाचपतो. बायको म्हणायची, "नळाले ताप आला का पाहून राहिले का?"

आमच्या भागात दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. धान निघालेल्या एखाद्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, स्टेज उभं राहतं, दुकानं लागतात, लेकी-जावई येतात आणि भरदुपारी दंडार चालते. दंडार म्हणजे आमचं गाणं, नाच, सोंग सगळं एकात. मंडईतली गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. एक कमिटीचे अध्यक्ष मला म्हणाले होते, "आवाज नागझिऱ्यातल्या वाघाले गेला पाह्यजे जी." मी म्हटलं, वाघ आला तर बसवाल कुठे? तर म्हणतात, "पह्यल्या रांगेत." स्टेजची पूजा करताना कलशातलं पाणी आंब्याच्या पानाने माझ्या मिक्सरवर, म्हणजे सगळे माइक जिथे जोडतात त्या यंत्रावर, शिंपडणारे तर प्रत्येक गावात. पूजेची थाळी दिसली की मी आधी मिक्सरवर प्लास्टिक टाकायचो आणि मग हात जोडायचो. देवाचा कोप परवडला, ओल्या मिक्सरचा परवडत नाही.

अशाच एका मंडईत 'रानगवा' पहिल्यांदा वाजला.

रानगवा हा तीन पोरांचा रॉक बँड. साकोलीच्या कॉलेजात तिघे एकत्र आले. पंकज व्यापाऱ्याचा मुलगा, गायचा आणि बास गिटार वाजवायचा. कोंढ्याचा खेमराज ड्रमवर. आणि मुख्य गिटार दिलेशची. दिलेशचे वडील दंडारीत बायकांची सोंगं करायचे, त्यांचा गळा मी कित्येक वर्षं माइकवर सांभाळला होता. पोरं पंकजच्या वडिलांच्या धानाच्या गोदामात सराव करत. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा टिनाचं छप्पर थरथरत होतं आणि उंदरांनी गोदाम सोडलं होतं. पंकजचे वडील त्या एका गोष्टीवर खूश होते.

त्या दिवशी दंडारीच्या मुख्य नटाची गाडी बंद पडली आणि लोक उठू लागले. मीच कमिटीला म्हटलं, तोवर या पोरांना वाजवू द्या. नागझिऱ्यातून येऊन धान तुडवणाऱ्या गव्याचं गाणं त्यांनी लावलं. पुढच्या रांगेतली एक आजी कानावर हात ठेवून मला म्हणाली, "काहून बोंबलून राहिले जी हे? कोनं मारलं का याइले?" पण ज्यांच्या बांध्या गव्यांनी तुडवल्या होत्या त्यांना ते बोंबलणं नीट कळलं. गाण्याच्या शेवटी तिघे एका माइकवर तोंड नेऊन "गवा!" असं ओरडायचे. दुसऱ्या वेळेला सगळी बांधी ओरडली. आजीसुद्धा ओरडली, मी पाहिलं.

त्यानंतर प्रत्येक मंडईत त्यांना बोलावणं. मग गोंदिया, मग नागपूर. पोरांनी केस वाढवले. पंकजने घोट्याच्या वर जाणारे, जाड रबरी तळाचे काळे बूट घेतले आणि ते घालूनच तो स्टेजवर नाचायचा. दिलेश मात्र अनवाणी. स्टेजची पूजा झाली की ती देवाची जागा, तिथे चप्पल चालत नाही, हे त्याला बापाने शिकवलेलं. नागपूरच्या लोकांना ती स्टाइल वाटली.

नागपुरातून त्यांनी दिलेशसाठी एक जुना अ‍ॅम्प आणला, म्हणजे गिटारची वायर जोडून आवाज मोठा करायची पेटी, काचेच्या नळ्यांची. त्याचा आवाज अंगावर यायचा, खरंच सांगतो, तसा आवाज मी परत ऐकला नाही. एकच खोड होती. तो गुणगुणायचा. वाजवत नसताना त्यातून सारखा 'हूं' असा बारीक घुमारा येई. स्टेजची अर्थ एकीकडे आणि मिक्सरची दुसरीकडे असली की असं होतं. मी पोरांना सांगितलं होतं, येऊ द्या, ती गुणगुण म्हणजे अर्थ जागी आहे. दिलेश हसायचा. पंकजला ती सहन होत नसे. दोन गाण्यांच्या मध्ये तो हळू आवाजात काही बोलायला जाई आणि मागून हूं.

मोहाडीचा कार्यक्रम बाजाराच्या मैदानात होता. दुपारची वेळ, ऊन मऊ, माणूस खूप. व्होल्टेज खालीवर होत होतं म्हणून मी लाइनमनला घेऊन ट्रान्सफॉर्मरकडे गेलो होतो. परत आलो तेव्हा पहिलं गाणं सुरू झालं होतं. त्या दणदणाटात कुठली गुणगुण कळणार? मी मेन स्विचजवळ जाऊन उभा राहिलो.

गव्याचं गाणं आलं. शेवटी तिघांनी ओरडायचं, म्हणून दिलेश गिटार हातात धरून माइकवर वाकला. त्याचे ओठ माइकच्या जाळीला लागले आणि तो तिथेच ताठ झाला. मान मागे गेली. डोळे उघडे. बोटं तारांवर आवळलेली.

लोकांनी शिट्ट्या मारल्या. रॉकवाले असंच काहीतरी करतात हे लोकांनी मोबाइलवर पाहिलेलं. पंकजलाही तसंच वाटलं. त्याने दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवल्या आणि लोकांनाही वाजवायला लावल्या. गिटारमधून एकच सूर निघत होता. तो वर जात नव्हता, खाली येत नव्हता, संपत नव्हता. इतक्या वर्षांत मी असा सूर ऐकला नव्हता आणि तरी तो काय आहे ते मला लगेच कळलं. मागे खेमराज ड्रम सोडून उभा राहिला. मी मेन खाली ओढला.

सगळं गप्प झालं आणि दिलेश धानाचं पोतं पडावं तसा पडला. टाळ्या अजून चालू होत्या.

खेमराजने त्याची छाती दाबली. किती वेळ, मला माहीत नाही. मी त्याच्या पायांशी बसून "श्वास घे बाबा, श्वास घे" एवढंच म्हणत होतो. घेतला त्याने. भंडाऱ्याला नेलं. त्याचे ओठ भाजले होते आणि डाव्या हाताच्या बोटांवर गिटारच्या तारांच्या काळ्या रेघा उमटल्या होत्या.

त्याला गाडीत घातल्यावर मी अ‍ॅम्पचा प्लग काढून पाहिला. दोनच पिना होत्या. तिसरीच्या जागी ताजं, चमकतं पितळ. अ‍ॅम्पमध्ये सांडलेली वीज मातीत न जाता गिटारच्या तारांत आली होती आणि दिलेशमधून माइककडे वाट काढत होती.

पंकजने लपवलं नाही. दवाखान्यात दिलेशच्या वडिलांसमोर तो म्हणाला, "काकाजी, लय गुणगुण येऊन राह्यली होती. मीच तोडली. मले वाटलं, ते पिन कायच्याच कामाची नसते."

वडिलांनी त्याच्या पायांकडे बघितलं. मग म्हणाले, "तू बूट घालून होता नं, बापा."

एवढंच म्हणाले. मला वाटतं, शिव्या दिल्या असत्या तर पंकजला सोपं गेलं असतं.

दिलेश वाचला. डॉक्टरांनी मशीनवर हृदय पाहिलं, ठीक म्हणाले. पण रानगवा तिथेच संपला. भांडण नाही, बैठक नाही. पंकज घरी भेटायला गेला की दिलेश भिंतीकडे तोंड करून झोपायचा. मला एकदा त्याने कारण सांगितलं. "पिन तोडली त्याचा राग नाई, भाऊ. माहीत नव्हतं त्याले. पन मी मरून राहिलो होतो, मले सारं दिसून राह्यलं होतं, अन् तो टाळ्या वाजवून राह्यला होता."

मी चहा पिऊन उठलो.

पंकज पुण्याला गेला. खेमराज कोंढ्याला शेतीत रमला, त्याच्या ड्रमवर कोंबड्या बसू लागल्या. दिलेशने साकोलीत हायवेवर वह्या-पुस्तकांचं दुकान टाकलं. दुकानात दिव्याचं बटण दाबायला तो एक लाकडी पट्टी ठेवायचा. पाऊस असला की बटणाला पट्टीनेही हात लावत नसे, बायकोला हाक मारायचा. लोक हसायचे. मी हसलो नाही, कारण मलाही तेच होत होतं. मोहाडीनंतर कुठल्याही कार्यक्रमात मी गाणं हे गाणं म्हणून ऐकलं नाही. प्रत्येक लांब सूर आला की हात मेनकडे जायचा. लग्नात सनईवाल्याने सूर ओढला तरी मी मांडवातला मेन शोधायचो. शेवटी धंदा पुतण्याला देऊन टाकला.

तर मागच्या दिवाळीच्या आधी खेमराज घरी आला. म्हणाला, "भाऊ, आमच्या कोंढ्याच्या मंडईत रानगवा वाजवायचं म्हनून राह्यले. पंकज येतो म्हनते."

"अन् दिलेश?"

"त्यानंच धाडलं मले तुमच्याकडं."

मी दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. दिलेशच्या ओठावरचा डाग अजून होता. तो पट्टीशी चाळा करत म्हणाला, "भाऊ, पोरगी मोठी झाली. परवा तिनंही बटन दाबाले पट्टी घेतली. मायं भेव तिच्यात शिरून राह्यलं. एकडाव वाजवून पाह्यतो. पन अर्थ तुमीच द्यायची. दुसऱ्या कोनाचा हात लागला तर मी चढत नाई."

कान गेले, हात थरथरतो, असं मी सांगून पाहिलं. कान खरंच गेलेत, पण वरचे सूर गेलेत. नातवाची शिट्टी ऐकू येत नाही, फ्रिजचा घुमारा मात्र ऐकू येतो. डॉक्टर म्हणाले, या धंद्यात असंच होतं. दिलेश म्हणाला, "आपल्याले तेच ऐकायचं हाय नं."

कोंढ्याला साउंड भंडाऱ्याच्या शुभम नावाच्या मुलाचा होता. गुणी पोरगा, सगळं मोबाइलवर चालवतो. त्याचा मिक्सर मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, आपल्या जनरेटरवर, आपल्या अर्थवर. स्टेज गावच्या विजेवर. स्टेजमागे मी स्वतः सळई ठोकली, पाणी ओतलं आणि कोणी अडखळू नये म्हणून भोवती बाभळीच्या फांद्या लावल्या. फेज, म्हणजे विजेची जिवंत तार, आणि अर्थ यांच्यामध्ये बल्ब लावून पाहिला. बल्ब लख्ख पेटला म्हणजे वीज सळईतून खुशाल मातीत जाते आहे. तोच जुना अ‍ॅम्प आला होता, नव्या तीन पिनांच्या प्लगचा. चालू केला आणि हूं.

शुभम धावत आला. "अंकल, हा हम येऊन राहिला. अर्थ काढून टाका, क्लीन होऊन जाईल."

पंकज बाजूलाच उभा होता. त्याचे केस विरळ झालेत, बूट मात्र तसलेच. तो शुभमला म्हणाला, "दादा, हात जोडतो. राहू दे ते."

दिलेश आणि तो अजून एकमेकांशी बोलले नव्हते. पूजा झाली, कलशातलं पाणी स्टेजभर शिंपडलं गेलं. दिलेशने खाली वाकून स्टेजला हात लावला आणि चपला काढल्या. मी म्हटलं, आजचा दिवस रबरी चप्पल घाल. तो नाही म्हणाला. ओल्या फळ्यांवर त्याचे उघडे पाय पाहून मला तिथून पळून जावंसं वाटलं. मी मेनजवळ स्टूल घेऊन बसलो, हात स्विचवर.

पहिलं गाणं गेलं. दिलेश माइकपासून हातभर लांब होता आणि बोटं लाकडाची असल्यासारखा वाजवत होता. दुसऱ्या गाण्यात जरा सैल झाला. लोक मोबाइल वर धरून ओरडत होते. ते गाणं संपलं. टाळ्या ओसरल्या, पंकज काहीतरी बोलू लागला, आणि मला जाणवलं की त्याचा आवाज फार स्वच्छ येतोय.

गुणगुण नव्हती.

मी मेन ओढला. मैदानात बोंब झाली, कोणीतरी मला आईवरून शिवी दिली. दिलेशने दोन्ही हात गिटारवरून उचलून हवेत धरले होते. तो माझ्याकडे बघत होता आणि त्याचे ओठ हलत होते. मी स्टेजमागे धावलो, म्हणजे माझ्या वयाला जसं धावता येतं तसं.

सळई नव्हती. बाभळीच्या फांद्या नीट बाजूला रचून ठेवलेल्या. तार तुटून लोंबत होती. आणि पलीकडच्या बांधीतून एक गोऱ्हा उधळत चालला होता, गळ्यात दावं, दाव्याला माझी सळई, आणि मागे एक म्हातारा धावत होता.

चार पोरांनी गोऱ्हा धरला. म्हातारा धापा टाकत म्हणाला, "खुटा समजून बांधलं जी. लोखंडी, मजबूत, भवताली काटेबी लावलेले. म्हटलं, कमिटीनं जनावराइची बेस सोय केली. तुमच्या बाज्यानं बिचकलं बिचारं."

गव्याचं गाणं अजून वाजलंही नव्हतं. ते वाजलं असतं, दिलेश त्या ओरडण्यासाठी माइकवर वाकला असता, आणि अ‍ॅम्पने त्या दिवशीही दगा दिला असता तर?

घन मागवला. सळई आधीपेक्षा खोल घातली, हंडाभर पाणी ओतलं, तार जोडली, बल्ब लावून पाहिला. लख्ख. म्हाताऱ्याला तिथे बसवलं आणि सांगितलं, हिच्याजवळ कोणाला येऊ देऊ नका, जनावर नाही, माणूस नाही, कमिटी नाही. मेन वर केला. हूं सुरू झालं.

पण दिलेशने गिटार काढून फळ्यांवर ठेवली होती. "नाई जी भाऊ," तो म्हणाला. आवाज माइकशिवायही मला ऐकू आला. "मले भेव लागते. झालं तेवढं पुरे."

खेमराजने काड्या मांडीवर ठेवल्या.

तेव्हा पंकजने आपली बास उतरवली. तो स्टेजच्या कडेला बसला आणि बुटांचे बंद सोडू लागला. बंद लांब होते, वेळ लागला. मोजे काढले. बूट नीट शेजारी शेजारी ठेवले आणि उघड्या पायांनी त्या ओल्या फळ्यांवरून चालत येऊन दिलेशची गिटार गळ्यात अडकवली.

मी ओरडलो, "पंकज, उलटा हात! आधी उलटा हात लाव!"

त्याने ऐकलं नाही. डाव्या हाताने सगळ्या तारा मुठीत घट्ट धरल्या. उजव्या हाताने माइक धरला, तळहाताने, पूर्ण मुठीने. मग ओठ जाळीला टेकवले आणि तसाच राहिला. माझा हात स्विचवर होता, पण मी तो ओढू शकत नव्हतो. ओढला असता तर त्याने जे सिद्ध करायला घेतलं होतं तेच गेलं असतं. मी त्याचे डोळे पाहत होतो आणि गुणगुण ऐकत होतो.

"दिलेश," तो माइकमधून म्हणाला, ओठ न काढता. "पाहून घे. जेवढा वेळ पाह्यजे तेवढा पाह्य."

दिलेशने खरंच वेळ घेतला. पुढे आला, पंकजच्या पायांकडे बघितलं, हाताकडे बघितलं, तोंडाकडे बघितलं. पंकजच्या गालावरून पाणी वाहत होतं. त्याला बास येते, ही गिटार येत नाही, तरी तारा सोडून त्याने एक फटका मारला. भयंकर आवाज आला.

"सोड बे," दिलेश म्हणाला. "कान फाटून राह्यले."

त्याने गिटार घेतली. माइकसमोर उभा राहिला. उजवा हात उचलला, उलटा केला आणि बोटांच्या मागच्या बाजूने जाळीला हळूच स्पर्श केला. नळाला ताप आलाय का पाहावं तसा. मग माझ्याकडे बघून मान हलवली.

गव्याचं गाणं झालं. शेवटी तिघे एका माइकवर वाकले, सगळं मैदान त्यांच्याबरोबर ओरडलं, आणि स्टेजमागून म्हाताऱ्याचाही आवाज आला. दिलेशची मुलगी पुढे उभी राहून टाळ्या वाजवत होती. पंकजने वाजवल्या नाहीत. तो कार्यक्रम संपेपर्यंत अनवाणीच होता, बूट कडेला तसेच पडून होते. गाणी कशी झाली ते मला विचारू नका. मी फक्त मधली गुणगुण ऐकली, प्रत्येक गाण्यानंतर, शेवटपर्यंत.